वहीतलं मीठ

मार्च लागला की आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचा आवाज आपोआप खाली येतो. एरवी भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या मालिका गप्प होतात. पार्किंगमध्ये बॅट आपटणाऱ्या मुलांना दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी अगदी सभ्यपणे विचारतं, "आपली परीक्षा नसेल, पण इतरांची असू शकते, हे आपल्या घरी सांगितलेलं नाही का?" कडुनिंबाची पिवळी पानं गाड्यांच्या काचांवर साठतात. पहाटे पांघरूण सोडवत नाही आणि अकराला डोकं तापतं. साडेनऊच्या सुमारास जिन्यातून पोरं उतरू लागतात. हातात पॅड, पारदर्शक पाऊचमध्ये पेनं, मागे आई, आणि आईच्या तोंडी तेच ते, "हॉलतिकीट घेतलंस ना? परत एकदा बघ."

माझा या सगळ्याशी आता काही संबंध नाही. मी कारखान्यातून निवृत्त झालो, मुलगी गार्गी बंगळूरला नोकरी करते, घरात मी एकटा. तरी दर वर्षी हे दिवस आले की जिभेवर खारट चव येते. डॉक्टरांना सांगितलं तर ते बीपी तपासतील, म्हणून सांगत नाही.

ती चव एका मार्चची आहे. त्या वर्षी गार्गी बारावीला होती आणि माझी बायको, वसुधा, आजारी होती. आजाराचं नाव लिहीत नाही. तेव्हाही आमच्या घरात ते कुणी घेत नव्हतं, आता घेऊन काय करायचं आहे. दर तीन आठवड्यांनी इस्पितळात जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं, मग आठ दिवस अन्नाकडे बघवायचं नाही, आणि जरा बरं वाटू लागेपर्यंत पुढची खेप आलेली असायची. डोक्यावरचे केस गेले तेव्हा आरशात बघून ती म्हणाली, "चला, भाजीत केस सापडला म्हणून आता कुणी बोलणार नाही."

अशी होती ती. नारायण पेठेतली. मी यवतमाळकडचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला. लग्नानंतर तिच्या हातचं वरण पहिल्यांदा जिभेला लागलं आणि माझ्या तोंडून गावाकडचं निघून गेलं, "बाप्पा! वरणात गूळ कायले टाकला?" ती शांतपणे म्हणाली, "साखर संपली होती म्हणून." पुढची पंचवीस वर्षं मी तो गूळ मुकाट्याने खाल्ला, आणि तो कधी आवडू लागला ते मलाही कळलं नाही. कौतुक करणं हा तिच्या माहेरी अवगुण समजत. 'बरं झालंय' म्हणजे उत्तम. 'खाण्यासारखं आहे' म्हणजे त्याहून उत्तम. 'छान' हा शब्द पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. मी बढतीची बातमी घेऊन आलो तेव्हा ती म्हणाली होती, "अरे वा, म्हणजे आता घरी आणखी उशिरा येणार." आणि त्या दिवशी न सांगता साटोऱ्या केल्या होत्या.

तिचा स्वयंपाक बघणं मला आवडायचं. मी कारखान्यात तपासणी विभागात होतो. उभा जन्म लोखंडाचे तुकडे मोजण्यात गेला. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक निघाला तरी आम्ही माल परत पाठवत असू. आणि ही बाई काहीच मोजत नसे. तांदूळ ओंजळीने, पाणी बोटाच्या पेराने, मीठ तीन बोटांच्या चिमटीने. त्यातही आश्चर्य म्हणजे चाखून बघत नसे. ओट्याच्या कोपऱ्यात लाकडी देव्हारा होता. स्वयंपाक झाला की लहानशा चांदीच्या वाटीत जे असेल त्याचं बोटभर काढायचं, भोवती पाणी फिरवायचं, आणि मगच ते माणसांनी तोंडात घालायचं, हा तिच्या आईचा नियम आणि म्हणून तिचाही. मी चिडवायचो, "चाखल्याशिवाय माल पास कसा करतेस?" ती म्हणायची, "आमच्याकडे आधी देव, मग इन्स्पेक्टर." आणि मीठ कधीही चुकायचं नाही. एकदाही नाही. आज हे लिहिताना वाटतं, मी इतकी वर्षं शेजारी उभा राहून फक्त गंमत बघितली. तिच्या चिमटीतलं मीठ एकदा तरी कागदावर घेऊन चमच्याने मोजायला हवं होतं.

जानेवारीच्या अखेरीस तिला ओट्याशी उभं राहवेना. आठ दिवस डबा लावला. रोज तोच बटाट्याचा रस्सा, वर लाल तेलाचा तवंग, आणि गार्गी पुस्तकात डोकं घालून भात चिवडत बसलेली. नवव्या दिवशी वसुधा म्हणाली, "अहो, डबा बंद करा. पोळ्यांना बाई बघा, बाकीचं तुम्ही शिका. लोखंड मोजता येतं तर तांदूळही येतील." वेताची खुर्ची ओट्यापासून चार हातांवर ठेवली, पाठीला उशी दिली, गुडघ्यांवर शाल घातली, आणि माझी शिकवणी सुरू झाली. एका घरात दोन विद्यार्थी. आतल्या खोलीत बारावीची, स्वयंपाकघरात पन्नाशी उलटलेला.

पहिला धडा मुगाच्या खिचडीचा. वाटीभर तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचं. पातेल्यात चमचाभर तूप, तुपात जिरं, जिरं लालसर झालं की हिंग, चिमूटभर हळद, कढीपत्त्याची चार पानं. त्यात डाळ-तांदूळ घालून हलक्या हाताने परतायचं, तांदूळ पातेल्याला चिकटायची धमकी देईपर्यंत. मग उकळतं पाणी, गार अजिबात नाही, पाच वाट्या. मीठ. झाकण, मंद आच, आणि उचकापाचक न करता गप्प बसणं. ही शेवटची पायरी मला सगळ्यात कठीण गेली. दर दोन मिनिटांनी झाकण उचलायचो. खुर्चीतून आवाज यायचा, "खिचडी पळून जात नाही. गॅसवरून उतरायला तिला पाय नाहीत."

मग पिठलं. फोडणीत लसूण आणि हिरवी मिरची, त्यावर पाणी, पाण्याला उकळी आली की एका हाताने बेसन वैरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. माझे दोन हात आयुष्यात कधी एकमेकांपासून वेगळं काम करायला शिकलेले नव्हते. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, आवळ्याएवढ्या. ती म्हणाली, "पिठलं म्हणून नको, भजी म्हणून खाऊ." मग ताकाची कढी, शिळ्या भाताचा फोडणीचा भात, मेतकूट घातलेला गुरगुट्या भात, टोमॅटोचं सार. एकेका पदार्थाला अर्धा-पाऊण तास. सणावाराचं काही नाही. माणूस दमून घरी आला, ताप उतरला, पेपर अवघड गेला, की खायचं ते. अशा अन्नाला नाव ठेवता येत नाही आणि पाहुण्यांना वाढता येत नाही. ते फक्त घरच्यांचं असतं.

हे सगळं मी लिहून घेत होतो. कारखान्यातली तपासणीची एक कोरी वही घरी होती, रकाने आखलेली. अनुक्रमांक, वस्तू, माप, आणि शेवटी 'शेरा'. वसुधाने वही उलटीपालटी करून बघितली. "शेरा कशाला?"

"तू देशील तो."

"बघा हं," ती म्हणाली, "मी नापास करीन."

वहीवर भागलं नाही. मी स्वयंपाकघराची व्यवस्थाही लावायला घेतली. तिच्याकडे मीठ चिनीमातीच्या जुन्या सटात असे, पिठीसाखर चेपलेल्या स्टीलच्या डब्यात, बाकी काय कशात ते तिलाच ठाऊक. मी एका मापाच्या, पांढऱ्या झाकणांच्या बारा बरण्या आणल्या. वरच्या फळीवर डाळी-दाणे, खालच्या फळीवर पिठं आणि पुडी. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, माझ्या सुवाच्य अक्षरात. ती खुर्चीतून बघत राहिली. "आता स्वयंपाकघर औषधाच्या दुकानासारखं दिसतंय," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आवडलं असावं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखी होतो. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. इस्पितळाच्या बाकड्यावर बसून माझ्या हाती काहीच नसे. डॉक्टर बोलायचे, मी मान हलवायचो. घरी आल्यावर मात्र पातेलं माझ्या हातात होतं. देवाला दाखवून झालं की पहिला घास तिला द्यायचो आणि पाटावर समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचो, निकालाची वाट बघितल्यासारखा. ती सावकाश चावायची, डोळे मिटायची, गिळायची. मग म्हणायची, "मीठ कमी आहे."

मी आनंदाने उठायचो. ती खाते आहे, तिला चव कळते आहे, ती चुका काढते आहे. म्हणजे घर जागच्या जागी आहे. वर मीठ द्यायचो, आणि वहीत 'शेरा' या रकान्यात लिहायचो, 'मीठ कमी. पाव चमचा वाढवणे.' दुसऱ्या दिवशी तेवढं वाढवायचो. ती पुन्हा म्हणायची, "मीठ कमी."

असं करत करत फेब्रुवारी संपेपर्यंत खिचडीचं मीठ एका चमच्यावरून अडीच चमच्यांवर गेलं. मला कळत नव्हतं असं नाही. घास तोंडात घातला की जीभ आक्रसायची. इस्पितळातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या की या औषधाने जिभेची चव बोथट होते. मी ठरवून टाकलं, हिला मीठ कमी लागतंय, तर कमी. तिला सांगायचं नाही. ज्या बाईचं मीठ पंचवीस वर्षांत चुकलं नाही, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुझ्या जिभेवर आता भरवसा नाही? वेगळं काढून तिच्या ताटात जास्त घालता आलं असतं. पण ती समोर बसून आमची ताटं बघायची. गार्गीकडे बघितलं, ती खाली मान घालून जेवत होती. ताटाशेजारी पाण्याचा तांब्या. एकदा आमची नजरानजर झाली, आणि तिने तांब्या माझ्याकडे सरकवला. बस्स. एवढाच आमचा करार. बाप-लेकीने त्या महिन्यात किती तांबे पाणी प्यायलं असेल कोण जाणे.

पहिल्या पेपरचा दिवस मला नीट आठवतो. सकाळी मी खाली स्कूटर पुसत होतो. वसुधाने आदल्या रात्रीच बजावलं होतं, "दही-साखर मी देणार. तुम्ही मध्ये येऊ नका." ती भिंतीला धरून ओट्यापर्यंत गेली असणार. दहा मिनिटांनी गार्गी जिना उतरून आली. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. पिशवीतली बाटली काढून तिने घटाघटा अर्धी संपवली. मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नकोस." ती म्हणाली, "नाही घेत." स्कूटरवर मागे बसली आणि तिने माझ्या शर्टची पाठ मुठीत धरली, लहानपणी धरायची तशी. मला वाटलं, पेपरची भीती.

त्यानंतर केव्हातरी माझ्या बारा बरण्यांतली एक कमी झाली. मीठ परत चिनीमातीच्या सटात गेलं होतं. मी विचारलं तर वसुधा म्हणाली, "मला त्यातच बरं दिसतं." मी हटकलं नाही. इतकं तरी तिच्या मनासारखं होऊ दे, असं वाटलं.

पेपर संपले. कैऱ्या आल्या. मी तिच्याकडून कैरीची डाळ शिकलो. तिच्यातही मीठ वाढवलं. वैशाखात ती गेली. गार्गीचा निकाल लागला तेव्हा ती नव्हती. चांगले मार्क होते. आम्ही दोघांनी पेढे आणले आणि देव्हाऱ्यात ठेवले आणि ते तिथेच राहिले.

माणूस गेल्यावर घरातली शांतता भांड्यांतून कळते. झाकण ठेवल्याचा आवाज होतो आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. मी वही काढली आणि वहीबरहुकूम स्वयंपाक करू लागलो. अडीच चमचे तर अडीच चमचे. कारखान्यात आमचा नियम होता, ड्रॉइंगवर ज्याची सही, बदल त्यानेच करायचा. इथे सही करणारी निघून गेलेली. माप खाली आणायचं म्हणजे तिचा शेरा खोडायचा, आणि ते माझ्याच्याने होईना. गार्गीही काही बोलायची नाही. पुढे इंजिनिअरिंगची चार वर्षं ती माझ्या हातचं जेवली. एकदा शेजारच्या जोशीकाकूंना वाटीभर पिठलं नेऊन दिलं. काकूंनी वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून साखर घालून आणून दिली आणि म्हणाल्या, "पिठलं खमंग होतं हो. तुमच्याकडे समुद्राच्या पाण्यात शिजवतात का?" मी हसलो. घरी येऊन वहीतलं ते पान उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

त्या वहीवर मी एवढी वर्षं तग धरला, हे कबूल करायला हवं. तिच्यासाठी मला काहीच करता आलं नाही, औषधाने केलं नाही ते माझ्याने काय होणार होतं. पण शेवटचे अडीच-तीन महिने तिने माझ्या हातचं खाल्लं. रोज चव घेतली, रोज चूक काढली. तिच्या जिभेला लागलेलं शेवटचं अन्न माझं होतं. बाकी सगळं गेलं तरी एवढं माझं कुणी घेऊ शकत नाही, असं मी धरून चाललो होतो.

या मार्चमध्ये गार्गी आठवडाभर घरी आली आहे. डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर कुणाकुणाशी इंग्रजीत भांडते. परवा सकाळी जोशीकाकूंची नात, तन्वी, पाया पडायला आली. तिचा बारावीचा पहिला पेपर. मी म्हटलं, थांब, दही-साखर देतो. वाटीत दही घेतलं, फळीवरून पिठीसाखरेची बरणी काढली, चमचा बुडवला, आणि गार्गी टेबलावरून अक्षरशः धावत आली. कानातला हेडफोन एका बाजूला लोंबकळत होता.

"बाबा, आधी चाखून बघ."

"अगं, बरणीवर लिहिलंय."

"चाखून बघ म्हणते ना!"

तिचा आवाज असा होता की मी मुकाट्याने चमच्याचं टोक जिभेला लावलं. साखरच होती. तन्वीला दही-साखर दिली, तिच्या पाठीवर हात ठेवला, ती गेली. दार लावून मागे वळलो तर गार्गी ओट्याला टेकून उभी. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, काय झालं? आणि मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांनी.

त्या दिवशी आईने तिला दह्यात साखर दिली नव्हती, मीठ दिलं होतं. दोन चमचे भरून. वसुधा बरण्या नावांनी ओळखत नव्हती, जागेने ओळखायची, आणि जागा मी बदलल्या होत्या. पुडींच्या फळीवर मीठ आणि पिठीसाखर शेजारी शेजारी, एका मापाच्या बरण्या, एका रंगाची झाकणं. गार्गीने चमचा तोंडात घेतला आणि तिच्या अंगावर काटा आला. आई समोर उभी, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू. ती गिळून मोकळी झाली. मग वसुधाने वाटीत उरलेलं बोटाने निपटून स्वतः चाटलं, अन्न वाया घालवायचं नाही म्हणून, आणि विचारलं, "गोड आहे ना?"

"मी हो म्हटलं," गार्गी म्हणाली. "बाबा, तिने ते खाल्लं. चाटून खाल्लं. आणि तिचा चेहरा हललासुद्धा नाही."

पेपर देऊन ती परत आली तेव्हा मी स्कूटर लावत होतो, आणि वर आई मिठाची बरणी मांडीवर घेऊन बसली होती. बरणी जागेवर ठेवताना तिने चिठ्ठी वाचली होती. म्हणाली, "तू गिळलंस कसं गं?" आणि मग मुलीला जवळ घेऊन तिने सांगितलं की जानेवारीपासून जिभेला काहीही लागत नाही. मीठ नाही, गोड नाही, आंबट नाही. घास गरम आहे एवढं कळतं, मऊ आहे एवढं कळतं. बाकी कापूस.

"मग ती 'मीठ कमी आहे' का म्हणायची?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

गार्गीने डोळे पुसले. "मीपण तेच विचारलं. ती म्हणाली, तुझे बाबा वाढतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. काहीतरी बोलायला नको? ज्या दिवशी मी 'छान झालंय' म्हणेन ना, त्या दिवशी त्यांना कळेल की सगळं संपलं. म्हणून म्हणते मीठ कमी. तेवढं त्यांना पटतं. आणि म्हणाली, खारट होत असेल तर सहन कर. पेपर संपेपर्यंत. त्यांना सांगू नकोस."

मला आधी राग आला. गार्गीचा आला, वसुधाचा आला. सतरा वर्षांच्या पोरीवर कुणी असं ओझं टाकतं का? आणि पोरीने ते इतकी वर्षं का वाहावं? मी तसं बोललोही. गार्गी म्हणाली, "कधी सांगणार होते? तू वही उघडून बसायचास. चमच्यावर बोट फिरवून मीठ सपाट करायचास. मला सांगवलं नाही, बाबा."

राग फार वेळ टिकला नाही. मी आतल्या खोलीत जाऊन रडलो. तीन महिने मी त्या बाईला कापूस भरवला, आणि ती दोन्ही वेळा, एकेक घास, डोळे मिटून, चावून, गिळून, माझ्यासाठी जेवली. मला वाटत होतं मी तिला जेवू घालतोय. तिला भूक नव्हती, चव नव्हती, आणि तरी ती रोज शेरा देत होती. आणि तो शेरा मी चमच्याने मोजून घेतला. जन्मभर मापं तपासली, पण तिच्या बोलण्यात मिठाविषयी काहीच नव्हतं, हे मला समजलं नाही. आम्ही तिघं एका ओट्याभोवती, तिघंही एकमेकांपासून लपवत, आणि तिघांच्या मध्ये ते पातेलं. आता कुणाला जाब विचारू? मला एकदा तिला विचारायचं आहे की निदान गरम तरी बरं लागत होतं का. ते आता विचारता येणार नाही.

दुपारी गार्गीची मीटिंग लांबली. मी उठून वाटीभर तांदूळ आणि पाऊण वाटी डाळ धुतली. वही फळीवरच राहू दिली. तुपात जिरं घातलं, हिंग, हळद, कढीपत्ता. उकळतं पाणी ओतलं. चिनीमातीच्या सटाचं झाकण काढलं आणि तीन बोटं आत घातली. माझी बोटं तिच्यापेक्षा जाड आहेत, तिची चिमूट केवढी होती ते मला आता कधीच कळणार नाही, तरी आठवून आठवून जेवढं धरवलं तेवढं टाकलं. झाकण ठेवलं. या वेळी उचलून बघितलं नाही. शिजल्यावर बोटभर खिचडी चांदीच्या वाटीत काढून देव्हाऱ्यापुढे ठेवली, पाणी फिरवलं.

गार्गी लॅपटॉप मिटून आली. तिला वाढलं, वर तूप सोडलं, पापड दिला, मला वाढून घेतलं. पहिला घास मी घेतला. मीठ बरोबर होतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा, अगदी जिथल्या तिथे. तिच्या हातचं नव्हतं, ते आता होणार नाही. पण बरोबर होतं.

गार्गीने घास घेतला. मी जेवायचा थांबलो होतो आणि तिच्या तोंडाकडे बघत होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. तिने सावकाश चावलं, डोळे मिटले, गिळलं. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी उठलो आणि सट घेऊन आलो.